भय्याजींची दोन शेपट्यांची वायर

भय्याजी कापगते सकाळी उठतात तेव्हा त्यांचा राग आधीच उठून, तोंड धुऊन ओसरीवर त्यांची वाट बघत बसलेला असतो. मग दोघे मिळून चहा पितात. चहा पातळ असला तर एकाला चालत नाही, कडक असला तर दुसऱ्याला. त्यांच्या पत्नी सुलोचनाबाई गेली छत्तीस वर्षं या दोघांपुढे चहा ठेवत आल्या आहेत आणि अजून दोघांपैकी एकालाही घाबरलेल्या नाहीत.

आमच्या बोरटोलीत भय्याजींचा राग सार्वजनिक मालमत्तेत धरला जातो. तलाव, समाजमंदिर, भय्याजींचा राग. तो कुणावरही असतो. लाखनीच्या उड्डाणपुलावर आहे, कारण तो झाल्यापासून गाड्या डोक्यावरून निघून जातात आणि खाली थांबून रस्ता विचारणारं कुणी उरलं नाही. स्वतःच्या उजव्या गुडघ्यावर आहे. मोबाइल फोनवर तर फारच आहे. आणि फोनवर बोलणाऱ्यांवर इतका आहे, की आपल्या जुन्या फोनमध्ये त्यांनी प्रत्येक बोलणं आपोआप रेकॉर्ड होईल अशी सोय करून घेतली आहे. उद्या कुणी 'मी असं म्हणालोच नाही' म्हणालं, तर पुरावा हवा. आजवर तो पुरावा त्यांनी कुणाला ऐकवलेला नव्हता. पण पुरावा आहे, या समाधानावर ते अधिक जोरात भांडत.

या माणसाची एक गोष्ट मात्र अशी, की तिच्यापुढे त्यांचा सगळा राग माफ होता. भय्याजी आमच्या मंडईचा आवाज होते.

दिवाळी आणि भाऊबीज झाली, की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार आणि दंडारीची नाचगाणी, रात्री मंडपात नाटक, आणि घरोघरी पाहुणे. सासरी गेलेल्या मुलींचे आईबाप, भाऊ त्या दिवशी हक्कानं लेकीच्या दारी येतात. गावची प्रतिष्ठा मंडईला किती पाहुणे आले यावर ठरते. त्यासाठी आजूबाजूच्या गावांतून भोंगा लावलेली गाडी फिरवायची असते, आणि सव्वीस वर्षं ती गाडी भय्याजींची होती. आधी जीप, मग ही जुनी ओमनी. टपावर लोखंडी कॅरिअर, कॅरिअरवर दोन भोंगे, मागच्या सीटवर अ‍ॅम्प्लिफायर, आणि भय्याजींच्या हातात माईक.

त्यांची एक पद्धत होती. गाडी गावाच्या चौकात उभी करायची, माईकवर दोनदा फुंकर मारायची आणि सरळ लोकांची नावं घ्यायची.

"नमस्कार मंडळी. मी बोरटोलीचा भय्याजी. नत्थूभाऊ, तुमी दिसून राहिले मले, धानाच्या पुंजण्याआड लपू नका. तुमची रिता आमच्या गावात देऊन सहा वर्सं झाले, दोन नातू झाले, आन तुमी मंडईले एक डाव आले. येत्या शुक्रवारी मंडई हाये. पोरगी दारात उभी राहून वाट पाहाते, हे मी आपल्या डोळ्यानं पाहिलो हाये. आता बोला, येता का नाई?"

नत्थूभाऊ शेतातून हात हलवत. मग पुढचं नाव. कोणत्या गावच्या किती मुली बोरटोलीत दिल्या, कुणाची सून बाळंतपणाला गेली आहे, कुणाचा जावई सासऱ्याशी बोलत नाही, हे सगळं भय्याजींच्या डोक्यात. भोंग्यावर नाव आलं म्हणजे आवतण पोचलं. त्यासाठी वेगळी पत्रिका नाही की फोन नाही. आणि अख्ख्या गावादेखत नाव घेऊन बोलावल्यावर न जाणं म्हणजे काय, ते सांगायला नको.

मग आमच्या मंडई समितीचं अध्यक्षपद वीरेंद्र डोंगरवारकडे आलं. वीरेंद्र चौतिशीतला, संगणकाचं सेवा केंद्र चालवणारा, हुशार, नम्र, आणि प्रत्येक गोष्टीत सुधारणा शोधणारा पोरगा. गेल्या वर्षी त्यानं नागपूरहून जाहिरात रेकॉर्ड करून आणली. पेनड्राइव्ह भय्याजींच्या हातात देऊन म्हणाला, "काकाजी, आता घसा फोडाची गरज नाही. टेपात टाका आन फिरा."

त्या पेनड्राइव्हमधला आवाज मी ऐकला आहे. खर्जातला, तुपकट, आणि प्रत्येक शब्द विहिरीत पडून चारदा वर येणारा. 'रसिक मायबाप हो, हो, हो, हो. आपल्या भेटीस येत आहे, आहे, आहे.' मागे तुताऱ्या. तुताऱ्यांनंतर बॉम्ब फुटल्याचा आवाज. नाटक सामाजिक असूनही.

भय्याजींनी माईक गुंडाळून घरी खुंटीला टांगला. माईक परत द्या, असं ते म्हणाले नाहीत. म्हणणं म्हणजे मागणं, आणि मागणं त्यांच्या स्वभावात बसत नाही. त्यांच्या स्वभावात रागावणं बसतं. म्हणून ते गेलं वर्षभर बाकी सगळ्यांवर रागावले.

त्या वर्षी मंडईला पाहुणे कमी आले. मंडपाच्या मागच्या निम्म्या भागात कुत्री झोपली होती. वीरेंद्रचा निष्कर्ष असा, की गाडी गावांतून नीट फिरलीच नाही, कुठेतरी आंब्याखाली उभी राहिली. भय्याजींचा निष्कर्ष असा, की आजूबाजूच्या गावांतल्या लोकांना लाज उरलेली नाही, आणि सगळ्यात कमी लाज चिचटोल्याला उरली आहे. चिचटोल्याच्या बारा मुली बोरटोलीत दिलेल्या. बारांपैकी एकीच्याही घरचं माणूस आलं नव्हतं.

या वर्षी वीरेंद्रनं नवीन सुधारणा काढली. पेनड्राइव्ह तर होताच, शिवाय भय्याजींनी फोनवर लाइव्ह लोकेशन सुरू ठेवायचं. म्हणजे गाडी कुठे आहे हे वीरेंद्रला सेवा केंद्रात बसून नकाशावर एका निळ्या टिंबाच्या रूपानं दिसणार. सव्वीस वर्षं ज्या माणसाचा आवाज तीन कोसांवरून ओळखू येत होता, त्याला आता टिंब केलं.

पहिल्या दिवशी दुपारी बारा वाजता टिंब गेलं. दुसऱ्या दिवशी साडेअकरालाच. फोन जुना, त्याची बॅटरी दोन तासांत मान टाकायची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वीरेंद्र घरी आला. चहा घेतला आणि बोलला.

"काकाजी, समितीत लोक बोलून राहिले. मी तुमची बाजू घेतो, पण मले बी दाखवा लागते काही. उद्या चार गावं राहिली हायेत. उद्याच्या दिवशी एक डाव बी लोकेशन तुटलं तं पुढच्या सालापासून मंडईचा प्रचार तुमच्याकडं राहणार नाही. लाखनीची एलईडीवाली गाडी सांगू."

"सांग ना. आत्ताच सांग. मी अडवलो का तुले?"

"मले नाही सांगाची जी. म्हणूनच तं आलो. फोन चार्जिंगले लावून ठेवा फक्त."

"कोठं लावू? नाकात?"

भय्याजींचा हा प्रश्न वाटतो तितका उद्धट नव्हता. ओमनीच्या टेपला यूएसबीचं भोक एकच. त्यात पेनड्राइव्ह बसायचा. सिगारेट लायटरचं दुसरं भोक होतं, पण गाडी घेतल्या दिवसापासून भय्याजी त्यात रोज सकाळी उदबत्ती खोचत. चौदा वर्षांच्या राखेनं ते भोक इतकं भक्तिभावानं बुजलं होतं की त्यातून वीज येण्याची आशा मेकॅनिकनंही सोडली होती.

वीरेंद्र गेल्यावर सुलोचनाबाई म्हणाल्या, "त्याले सांगून काहून नाही टाकत, का मले माईक पाहिजे म्हणून?"

"मी नाही सांगत. त्याले समजत नाही का?"

"नाही समजत. तुमी सांगतल्याबिगर कोणाले काय समजते? राग येऊन राहिला एवढं समजते. कायचा येऊन राहिला ते नाही समजत."

तिसऱ्या दिवशी सकाळी भय्याजी लाखनीला प्रविणच्या मोबाइल दुकानात जाऊन उभे राहिले. प्रविणनं सगळं ऐकून घेतलं आणि काउंटरवर एक वायर ठेवली. एका टोकाला एक तोंड, दुसऱ्या टोकाला दोन शेपट्या. एक शेपटी जाड, एक बारीक.

"याले स्प्लिटर म्हणतेत काकाजी. हे तोंड टेपात टाकाचं. जाड शेपटीतून करंट बी जाते, डाटा बी जाते, म्हणून पेनड्राइव्ह जाडीत. बारीक शेपटीत निस्तं करंट. फोन बारकीत."

"दोन्हीतून डाटा काहून नाही जात?"

"टेप एका डावाले एकाचंच ऐकते जी."

"मंग दुसरी शेपटी कायले देल्ली बनवणाऱ्यानं?"

"चार्जिंगसाठी. आत्ता सांगतलो ना."

"मले आवाज चढवून सांगू नको."

"मी कोठं चढवला? चिठ्ठ्या चिकटवून देऊ का? पेनड्राइव्ह, फोन, असं लिहून?"

"अबे, सव्वीस वर्सांपासून अ‍ॅम्प्लिफायर चालवतो मी. तुह्या दुकानाच्या जागी बाभूळ होती तवापासून. चिठ्ठ्या लावते मले."

वायर खिशात घालून ते निघाले. इथवर सगळं ठीक होतं. प्रविणनं सांगितलेलं त्यांनी पूर्ण ऐकलं होतं, आणि लाखनी ते चिचटोला या रस्त्यात त्यावर विचारही केला होता. तोच घातक ठरला.

भय्याजी सात पिढ्यांचे धानवाले. तलावाखालच्या बांध्यांना, म्हणजे धानाच्या वाफ्यांना, पाणी द्यायचा त्यांच्या घराचा जुना अभ्यास. मोठ्या बांधीला मोठा पाट काढायचा, चिमुकल्या बांधीला आंगठ्याएवढी नाली पुरते, हे त्यांना चालायला लागण्याआधी कळलं होतं. आता इथे नखाएवढा पेनड्राइव्ह, त्याला तहान ती किती असणार. आणि फोन हा दोन तासांत कोरडा पडणारा, सदा उपाशी. जाड शेपटी पेनड्राइव्हला आणि बारीक फोनला, हे कोणत्या शेतकऱ्याला पटेल? त्या पोराला उलटं सांगायची सवय असेल. चिचटोल्याच्या चौकात गाडी उभी करून भय्याजींनी पाणीवाटपाच्या न्यायानं वायर लावली. फोन जाडीत, पेनड्राइव्ह बारकीत.

फोनमध्ये तेव्हा बॅटरी राहिली होती सहा टक्के. वायर लावताच फोन थरथरला आणि त्यानं पडद्यावर काहीतरी विचारलं. नुसतं चार्जिंग करू, की आतल्या फायली उघडू? इंग्रजीत. फोननं आपल्याला उलट प्रश्न विचारावा हे भय्याजींना मुळात मान्य नाही. दोन पर्याय होते, त्यांनी रागानं खालचा दाबला आणि अ‍ॅम्प्लिफायर सुरू केला.

भोंगा गप्प. तुताऱ्या नाहीत, बॉम्ब नाही. भय्याजींना वाटलं, भोंग्याची तार सुटली. ते मागच्या टायरवर पाय देऊन, गुडघ्याला शिव्या देत टपावर चढले आणि भोंग्याला एक चापट मारली. भोंग्याची काही चूक नव्हती. खाली टेप फोनच्या पोटात शिरून वाजवण्यासारखं काय आहे ते शोधत होता. त्याला वेळ लागत होता, कारण तिथे तीन वर्षांचा पुरावा साठला होता.

चापट मारली त्याच क्षणी भोंग्यातून भय्याजींचा आवाज आला. "काहून बे, लाइन कवा देतं?"

भय्याजींनी भोंग्यावरचा हात काढला.

हे वायरमनशी झालेलं भांडण. ते अर्धं मिनिट चाललं. दुपारच्या जेवणाची वेळ, धान कापून बाया परतत होत्या, त्या थांबल्या. पानटपरीवरचे चार जण उठून उभे राहिले. टपावर भोंग्याशेजारी ओठ मिटून बसलेले भय्याजी, आणि भोंग्यातून बोलणारेही भय्याजी. एका म्हाताऱ्यानं हात जोडले, असं नंतर सांगतात. मला ते खरं वाटत नाही, पण म्हातारा चिचटोल्याचा आहे, काही सांगता येत नाही.

मग दुसरं रेकॉर्डिंग लागलं. हे आठ दिवसांपूर्वीचं, वीरेंद्रशी झालेलं. आधी वीरेंद्रचा नम्र आवाज आला. "काकाजी, चिचटोल्यातून मागच्या साली किती जण आले होते?"

आणि मग दुसऱ्या भय्याजींनी, म्हणजे भोंग्यातल्यांनी, उत्तर दिलं.

"एक कुत्रं नाही आलं. बारा पोरी देल्या त्यायनं आपल्या गावाले. बारा. देल्या आन मोकळे झाले, सोसायटीत धानाचं पोतं टाकून येते मानूस तसे. त्या नत्थूले शिंगाडे विकाले लाखनीले जाता येते, पोरीच्या दारी येता येत नाही. आन ते ललिताबाई. पंधरा वर्सं आली, भरपेट वडे खाल्ले, आन आता पोरगी जुनी झाली म्हून विसरली. लाज नसलेलं गाव हाये ते वीरेंद्र. पाय ठेवासारखं नाही."

टपावरचे भय्याजी उतरायला लागले. चढताना गुडघ्यानं एकदाच त्रास दिला होता, उतरताना तो प्रत्येक बोटाएवढ्या अंतराला देत होता. खाली येऊन त्यांनी दार उघडलं, वायर मुठीत धरली, आणि ओढणार तेवढ्यात त्यांना फोन दिसला. सात टक्के. वायर निघाली की फोन दहा मिनिटांत मरणार. टिंब जाणार. आणि टिंब गेलं की सव्वीस वर्षं गेली.

त्यांनी मूठ सोडली. गाडीला वळसा घालून मागे गेले, अ‍ॅम्प्लिफायरचं बटण टेपवरून माईकवर फिरवलं. भोंगा गप्प झाला. पण वळसा घालेपर्यंत भोंग्यातल्या भय्याजींनी जे सांगायचं ते सगळं सांगून टाकलं होतं.

चौकात आता साठ-सत्तर माणसं होती. सर्वांत पुढे ललिताबाई लांजेवार. वय साठ, कंबरेला पदर खोचलेला, हातात विळा. विळा धान कापायचा होता, त्या थेट बांधीतून आल्या होत्या. त्यांची कामिनी बोरटोलीत दिलेली, त्या नात्यानं भय्याजींच्या त्या विहीण लागतात.

"ईवाई," त्या म्हणाल्या, "तुमी बोलले का तुमचा डब्बा बोलला?"

दुसरा कुणी असता तर डब्यावर ढकललं असतं. यंत्र बिघडलं, कुणीतरी माझा आवाज काढला, काहीही सांगता आलं असतं. पण भय्याजींना राग आला. एक तर विळ्याचा, दुसरं म्हणजे आपण खोटं बोलू शकतो अशी शंका घेतल्याचा. त्यांनी माईक हातात घेतला. खुंटीवरून काढून गाडीत तो कुणी टाकला होता, हे त्यांना माहीत नव्हतं. ते काम सुलोचनाबाईंचं. भय्याजींनी माईकवर दोनदा फुंकर मारली.

"मी बोललो. माहाच आवाज हाये तो. एक शब्द खोटा असन तं सांगा. ईनबाई, मागच्या साली मंडईच्या दिवशी तुमच्या कामिनीनं सकाळपासून वडे तळले. तुमच्यासाठी ताट वाढून झाकून ठेवलं. चार वाजतपर्यंत दारात बसली. मी तिच्या घरापुढून तीन डाव गेलो, तिन्ही डाव ते रस्त्याकडं पाहून राहिली होती. चवथ्या डावी मी दुसऱ्या गल्लीतून गेलो, मले पाहावलं नाही. आन तुमी मले विचारता कोण बोललं म्हून? नत्थू, तू मांगं सरकू नको. तुही रिता बी तशीच बसली होती. बारा पोरी बारा दारात बसल्या होत्या. मले राग येणार नाही तं काय येईन?"

पण माणसं शरमलेली नव्हती, भय्याजींच्या लक्षात आलं. ती चिडलेली होती. ललिताबाईंनी विळा शेजारणीच्या हातात दिला, पुढे होऊन माईक घेतला, आणि माईकमध्ये कसं बोलायचं माहीत नसल्यामुळे त्याच्याकडे बघून बोलल्या.

"आवतण देल्लं होतं का तुमी?"

"गाडी आली नव्हती का मागच्या साली?" भय्याजी माईकशिवाय ओरडले. त्यांना माईकची गरज नव्हती.

"गाडी आली. डब्बा बोलला. रसिक मायबाप, म्हने. मी काय रसिक हावो का? मी ललिता हावो. पंधरा सालं तुमी ह्या चौकात माहं नाव घेतलं. ईनबाई, कामिनी वाट पाहाते, म्हने. मी हातातला विळा टाकून आली. मागच्या साली तुमी काचा लावून गाडीत बसले होते. इकडं पाहालं बी नाही. नाव ना गाव. गाडी आली, तुताऱ्या वाजल्या, फटाके फुटले, गाडी गेली. मी मनात म्हणली, पोरीच्या घरी काही झालं असन. जवाई नाराज असन, त्यानंच सांगतलं असन, का आमच्या सासूचं नाव घेऊ नका म्हून. मी पोरीले फोन बी नाही केली. काय विचारू? मी घरी बसून रडली, ईवाई. आन तुमी मले वडे काढून दाखवता."

मागून नत्थूभाऊ म्हणाले, "माहं बी नाव नाही आलं." आणखी एक जण म्हणाला, "आमच्याकडचं बी नाही." मग सगळेच बोलायला लागले. बारा घरांत बारा वेगवेगळ्या शंका वर्षभर मुरल्या होत्या. कुणाला वाटलं व्याह्यानं तोडलं, कुणाला वाटलं मागल्या लग्नातल्या पंगतीवरून मनात धरलं. एकानं तर जावयाला निरोप पाठवून माफी मागितली होती, आणि जावई कशाची माफी ते न कळून आणखी चिडला होता.

भय्याजी कापगते यांना आयुष्यात प्रथमच कळेना, की रागावायचं कुणावर. चिचटोल्यावर वर्षभर ठेवलेला राग जागच्या जागी निराधार झाला होता. आणि स्वतःवर रागावायची त्यांना सवय नव्हती. काचा लावून बसलो होतो, हे खरं होतं. 'तुमचा आवाज नको असेल तर तोंडही दाखवत नाही,' या रागात ते मागच्या वर्षी गावोगाव काच वर करून फिरले होते. त्या रागाची माहिती त्यांनी फक्त काचेला दिली होती.

एवढ्यात वीरेंद्र मोटारसायकलवरून आला. टिंब अर्ध्या तासापासून एका जागी उभं होतं. शिवाय शेवटचे दोन किलोमीटर त्यानं ललिताबाईंना भोंग्यावर ऐकत पार केले होते, त्यामुळे तो आला तोच उतरलेल्या चेहऱ्यानं.

"काकाजी, हे काय होऊन राहिलं?"

"लोकेशन तुटलं का?" भय्याजींनी विचारलं.

"नाही."

"मंग बोलू नको."

ललिताबाईंनी वीरेंद्रला खालून वर पाहिलं. "तो डब्बा तुहा का गा?"

"हो जी, मावशी."

"चांगला हाये. तुह्या लग्नात वाजव. तुह्या सासूले बी तसंच बलाव. रसिक मायबाप म्हून."

लोक हसले. वीरेंद्रही हसला, पण त्याचं डोकं चालत होतं. तो सुधारणा शोधणारा पोरगा आहे, आणि अशा माणसाला स्वतःची चूक सापडली तरी एक प्रकारचा आनंद होतो. तो गाडीशी गेला, आत वाकून बघितलं. जाडीत फोन, बारकीत पेनड्राइव्ह. त्यानं पेनड्राइव्ह काढला आणि खिशात टाकला.

"काकाजी, आता तरी तोंडानं म्हणा. माईक पाहिजे का?"

सत्तर माणसं ऐकत होती. भय्याजींनी चौकातल्या चिंचेच्या झाडाकडे पाहिलं, मग आपल्या गुडघ्याकडे. एवढं साधं वाक्य त्यांच्या घशातून निघायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात त्यांनी एरवी तीन माणसांशी भांडण उरकलं असतं.

"पाहिजे," ते म्हणाले. "पाहिजे होता. मागच्या सालीच पाहिजे होता. आता झालं समाधान?"

"झालं. पण लोकेशन चालू राहीन जी. समितीले मी शब्द देल्लो हाये."

"राहू दे. टिंब पाहा बसून. पण उरलेल्या गावाइत निस्तं टिंब जाणार नाही. आन ज्या गावाइत दोन दिवस तुहा डब्बा फिरवून आलो, ते बी सगळे पुन्हा कराचे. आठ गावं. दोन दिवसात. हे काम माह्या मागं कोणी लावलं? तूच लावलं."

"मीच लावलो," वीरेंद्र म्हणाला.

समोरचा माणूस लगेच कबूल झाला की भय्याजींची फार गैरसोय होते. त्यांनी ललिताबाईंच्या हातून माईक घेतला, आणि चिचटोल्याच्या चौकात बारा घरांना एकेक करून आवतण दिलं. रागानंच दिलं. नत्थूभाऊंना तर असं बोलावलं, की पोलीस ठाण्यात हजर राहायला सांगतात तसं वाटावं. पण प्रत्येक नावाबरोबर मुलीचं नाव घेतलं, दारात बसली तेव्हा तिनं काय नेसलं होतं ते सांगितलं, आणि नाव झालेलं माणूस गर्दीतून बाजूला होऊन डोळे पुसत जेवायला गेलं. दुपारची कापणी त्या दिवशी तासभर उशिरा सुरू झाली.

पुढचे दोन दिवस ओमनी सकाळी सहाला निघून अंधार पडेस्तोवर फिरली. घसा बसला तेव्हा भय्याजींनी घशावर राग काढला. वीरेंद्र सेवा केंद्रात बसून टिंब बघत होता आणि टिंब कोणत्या गावात किती वेळ थांबतं त्यावरून आपल्या गावच्या किती सुना तिथल्या आहेत याचा अंदाज बांधत होता. समितीच्या बैठकीत एलईडीच्या गाडीचा विषय कुणी काढला नाही.

शुक्रवारी पहाटेपासून पाहुणे यायला लागले. चिचटोल्याच्या बाराही घरांतून माणसं आली. काही घरांतून चार-चार आली, कारण एक वर्षाची उधारी होती. ललिताबाई नऊ वाजता कामिनीच्या ओसरीवर येऊन बसल्या, आणि आईलेकींनी आधी एकमेकींना 'तू काहून फोन नाही केली' म्हणून चांगलं अर्धा तास फैलावर घेतलं. मंडप संध्याकाळीच भरला, कुत्र्यांना बाहेर झोपावं लागलं.

भय्याजी त्या दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत एकाच गोष्टीवर संतापलेले होते. गावात मोटारसायकली उभ्या करायला जागा उरली नव्हती, आणि कुणीतरी येऊन थेट त्यांच्या दारात, तुळशीसमोर, तीन गाड्या लावून ठेवल्या होत्या. कुणाच्या, ते विचारायला ते माईक घेऊन मंडपाकडे निघाले, तेव्हा सुलोचनाबाई ओसरीवरून एवढंच म्हणाल्या, "नावं घेऊन विचारा."